फादर स्टीफन्स : आधीं शिष्य, मग गुरु



आपल्या नागपूर प्रांतांत स्टीफन हें नांव उच्चारलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें स्टीफन हिस्लॉप हे उभे राहतात; कारण त्यांच्या नांवाचें नागपुरांतील महाविद्यालय काटोलच्या अनेक कुटुंबांस परिचित आहे. आज ज्यांचें चरित्र सांगावयाचें आहे ते फादर थॉमस स्टीफन्स निराळे. हिस्लॉपसाहेबांच्या अडीचशेंहून अधिक वर्षें आधीं ते या देशांत आले. ते रोमन कॅथॉलिक पंथाचे होते, आणि त्यांची कर्मभूमि विदर्भ नसून गोमंतकांतील सासष्टी प्रांत ही होती. त्यांची आठवण आजच कां व्हावी, हें सांगण्यासाठीं प्रथम एक लहानशी हकीकत निवेदन करितों.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. धर्मशिक्षणाच्या तासास ख्रिस्ती मुलांनीं एका खोलींत बसावें आणि इतर मुलांनीं नीतिपाठासाठीं दुसऱ्या खोलींत जावें, असा आमच्याकडील नेहमींचा क्रम. त्या दिवशीं नीतिपाठाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून सर्व मुलें माझ्याच वर्गांत आलीं. मी पुस्तक उघडतों न उघडतों तोंच मागच्या बांकावरील एक लहान मुलगा उभा राहिला. त्याचें घर संत्र्यांच्या बागाईतदाराचें. घरांत वारकरी परंपरा. हा पाठ आपल्यासाठीं आहे कीं आपण बाहेर ओसरींत जाऊन बसावें, असें त्यानें विनयानें विचारलें. बसावेंसें वाटल्यास बैस, नाहीं तर ग्रंथालयांत जा, असें मीं सांगितलें खरें. परंतु सांगतांना माझा शब्द अडखळला. त्या बालकानें केवळ बसण्याची जागा विचारली नव्हती. या शाळेंत माझें स्थान कोणतें, असा त्याचा प्रश्न होता.

त्या रात्रीं मला फादर स्टीफन्स यांच्या वर्गांत विचारला गेलेला असाच एक प्रश्न आठवला. त्या प्रश्नाच्या उत्तरांतून मराठी भाषेस एक महाकाव्य मिळालें. तो प्रश्न आणि तें उत्तर समजावें म्हणून हें चरित्र.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यांत, बुश्टन या खेड्यांत झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील प्रख्यात विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. तो काळ इंग्लंडांत मोठ्या धर्मकलहाचा होता. थॉमस सुमारें दहा वर्षांचे असतांना, म्हणजे १५५९ सालीं, राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटानें कायदे करून राणीस तेथील चर्चची सर्वश्रेष्ठ अधिकारी ठरविलें आणि उपासनेची एकच पद्धति सर्वांवर लादली. रविवारीं सरकारमान्य उपासनेस जो न जाईल त्यास दंड होऊं लागला. रोमच्या पोपांस मानणाऱ्या कॅथॉलिक लोकांस आपली मिस्सा चोरून, दारें लावून करावी लागे. म्हणजे ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या जी प्रार्थना चालत आली, तीच प्रार्थना एका कायद्यानें अपराध ठरली.

तरुणपणीं स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत कॅथॉलिक गृहस्थाशीं स्नेह जडला. स्टीफन्स यांनीं पाउंड यांच्या नोकराचा वेष घेतला आणि अशा रीतीनें सुमारें दोन वर्षें दोघे मित्र देशांत हिंडले. रोमला जाऊन येशूसंघांत, म्हणजे जेझुइट साधूंच्या मंडळांत, प्रवेश करावयाचा असा दोघांचा निश्चय होता. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढें त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यांत येशूसंघांत दाखल झाले. राज्यकर्त्यानें प्रजेच्या देवघरांत हात घातला म्हणजे काय होतें, हें या तरुणास पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें, एवढें आपण ध्यानांत ठेवूं. कारण पुढील कथेंत त्याचा संबंध येणार आहे.

हिंदुस्थानांत कार्य करण्याची त्यांची इच्छा वरिष्ठांनीं मान्य केली. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांचें जहाज लिस्बनहून निघालें आणि आफ्रिकेस वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर गेला. वाटेंत ताजें अन्न न मिळाल्यानें खलाशांच्या व उतारूंच्या हिरड्या सुजत, अंगावर सूज येई, आणि कित्येक जण दगावत. गोव्यास पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं आपल्या वडिलांस एक विस्तृत पत्र लिहिलें. वारे, प्रवाह, समुद्रपक्षी, मासे, आजार आणि गोव्यांतील माड या सर्वांचें त्यांत बारकाईनें वर्णन आहे. पुढें हें पत्र इंग्लंडांत छापलें गेलें व हिंदुस्थानाविषयीं तेथील लोकांचें कुतूहल वाढविण्यास कारण झालें. हिंदुस्थानांत कायम वास्तव्य केलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेंच नांव घेतात. तरवार किंवा तराजू घेऊन येणारे त्यांचे देशबांधव पुष्कळ मागून आले.

ते ज्या गोव्यांत उतरले तेथील स्थिति कशी होती? हें सांगतांना सत्य झांकून ठेवणें शिक्षकास शोभणार नाहीं. पोर्तुगीजांनीं गोवा १५१० सालीं जिंकला, आणि सासष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ सालीं त्यांच्या हातीं आले. प्रजेनें राजाचाच धर्म स्वीकारावा अशी त्या राज्याची इच्छा होती, आणि त्यासाठीं उपदेशाबरोबर सत्तेचाही उपयोग झाला. १५५९ च्या राजाज्ञेनें हिंदु घरांतील पोरकीं मुलें ख्रिस्ती संस्थांच्या स्वाधीन करण्याचें ठरलें. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झालें. १५६७ च्या सुमारास सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं, आणि हिंदूंच्या धर्मग्रंथांवर बंदी आली. ज्यांच्या घरांत सायंकाळीं पोथी वाचली जाई, त्यांच्या घरांतील पोथीच नाहींशी झाली. इंग्लंडांत कॅथॉलिकांच्या वांट्यास जें दुःख आलें होतें, तेंच येथें एका कॅथॉलिक राजाच्या आज्ञेनें इतरांच्या वांट्यास आलें. सत्ता कोणाच्याही हातीं असो, अंतःकरणावरील जबरदस्तीचें फळ सारखेंच कडू असतें.

याचा एक भयंकर परिणाम स्टीफन्स यांनीं स्वतः पाहिला. १५८३ च्या जुलै महिन्यांत सासष्टींतील कुंकळ्ळी गांवीं येशूसंघाचे पांच जण चर्चसाठीं जागा पाहण्यास गेले असतां संतप्त ग्रामस्थांनीं त्यांस ठार केलें. त्यांचे प्रमुख फादर रुडॉल्फ आक्वाविवा हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारांतून परतले होते. फत्तेपूर सिक्री येथें सर्व धर्मांच्या पंडितांना बोलावून त्यांचें म्हणणें ऐकून घेणाऱ्या त्या बादशहाच्या सभेंत ज्यांस जिवाची इजा झाली नाहीं, त्यांचा अंत एका लहानशा खेड्यांत झाला. मृतदेह मिळवून त्यांचा अंत्यविधि करण्याच्या दुःखद कामांत स्टीफन्स यांचा भाग होता. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं सूड घेतला. गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून ठार मारण्यांत आलें. दोन्ही बाजूंनीं रक्त सांडलें, आणि मनें अधिकच दुरावलीं.

अशा भूमींत सुमारें चौतीस वर्षांच्या या परदेशी धर्मगुरूस मुलांना धर्म शिकवावयाचा होता. त्यांनीं प्रथम काय केलें? ते स्वतः विद्यार्थी झाले. लोकांच्या मुखांतील कोंकणी आणि ग्रंथांतील मराठी या दोन्ही भाषा त्यांनीं शिकून आत्मसात केल्या. या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें निरीक्षण त्यांनीं १५८३ च्या ऑक्टोबरांत आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत नोंदविलें. हाच विचार सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं मांडला आणि त्यांतून तौलनिक भाषाशास्त्राचा उदय झाला, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. दोनशें वर्षें आधीं तीच गोष्ट सासष्टीच्या खेड्यांत राहणाऱ्या एका शिक्षकाच्या ध्यानांत आली होती. परकी भाषेस रानटी समजून जो तिच्याकडे पाहतो त्यास असें साम्य कधींच दिसत नाहीं. आदरानें कान देणाऱ्यासच तें दिसतें.

त्या काळच्या येशूसंघीयांनीं मराठी व कोंकणी कथा रोमी लिपींत उतरून घेतल्या होत्या. अशा कांहीं वह्या पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत आजही आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा आहेत. ज्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या गेल्या, त्याच परंपरेच्या कथांपाशीं बसून परदेशी गुरूंनीं भाषेचे धडे घेतले. हा दैवदुर्विलास विसरतां येत नाहीं.

याच वर्षाच्या अखेरीस घडलेली आणखी एक गोष्ट त्यांचा स्वभाव दाखविते. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदि चार इंग्रज प्रवासी होर्मुझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आणले गेले. ते हेर असावेत असा पोर्तुगीजांचा संशय होता. ते आले होते त्या देशांतून, जेथें स्टीफन्स यांच्या मित्रास धर्मासाठीं कारावास भोगावा लागत होता. तरीही स्टीफन्स यांनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली, आणि जामीन मिळून त्यांची सुटका झाली. फिच पुढें स्वदेशीं परतले आणि त्यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत या उपकाराचा उल्लेख केला. दुःख भोगलेल्या मनुष्यापुढें दोन वाटा असतात: आपणांस झालें तें दुसऱ्यास करावें, किंवा आपणांस झालें तें दुसऱ्यास होऊं देऊं नये. या प्रसंगीं तरी स्टीफन्स यांनीं दुसरी वाट धरिली.

आतां आपण त्या वर्गाकडे वळूं. गोमंतकांत मुलांच्या धर्मपाठाची रीत संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापासून प्रसिद्ध आहे. १५४२ सालीं गोव्यास आल्यावर ते हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांना चर्चमध्यें जमवीत आणि चालीवर पाठ म्हणून घेत. पुढें गांवोगांवच्या चर्चमध्यें असे वर्ग भरूं लागले. आजच्या प्राथमिक शाळेचें तें एक जुनें रूप म्हणतां येईल. परंतु पाठ मुखोद्गत करून घेणें निराळें आणि तो मनांत उतरविणें निराळें. जें बालक घरीं आजीच्या मांडीवर कथा ऐकतें, त्यास नुसते नियम देऊन भागत नाहीं. त्यास कथा हवी, गाणें हवें, आणि तें त्याच्या मायबोलींत हवें.

असा एक वर्ग चालू असतांना तेथें बसलेल्या एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें फादर स्टीफन्स यांस प्रश्न विचारला. त्याचा आशय असा होता कीं, आपण सांगतां तें चांगलेंच आहे. परंतु आमचीं जुनीं पुराणें तर आपण बंद केलीं, मग त्यांच्या जागीं वाचावयास व ऐकावयास दुसरें कांहीं आमच्या भाषेंत कां देत नाहीं? ही हकीकत फादरांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच नमूद करून ठेविली आहे. दुसरा एखादा गुरु असता तर अशा प्रश्नास उद्धटपणा समजून त्यानें विचारणारास खालीं बसविलें असतें; त्या काळीं तर असा प्रश्न विचारणें धोक्याचेंही होतें. फादर स्टीफन्स यांनीं प्रश्नांतील वेदना ओळखली. लोकांचें कांहींतरी हिरावलें गेलें आहे, हें त्यांनीं मनोमन मान्य केलें असावें. कारण त्यांनीं उत्तर म्हणून आयुष्याचीं अनेक वर्षें खर्चून एक पुराण लिहिलें.

तेंच क्रिस्तपुराण. १६१६ सालीं तें सासष्टींतील रायतूर, म्हणजे राशोल, येथें येशूसंघाच्या छापखान्यांत छापून निघालें. लेखक गोव्यास आल्यास तेव्हां सदतीस वर्षें झालीं होतीं आणि त्यांचें वय सत्तरीच्या जवळ आलें होतें. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीपर्यंतची कथा असून दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र आहे. पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे अध्याय असून त्यांस त्यांनीं अवस्वरु असें नांव दिलें. एकंदर ओव्यांची संख्या ११,००० च्या जवळ जाते.

होय, ओव्याच! आपल्या इंग्लंडांतील वृत्तें किंवा विद्यालयांत शिकलेलीं लॅटिन वृत्तें त्यांनीं वापरलीं नाहींत. ज्ञानेश्वरांनीं जी ओवी गौरविली आणि एकनाथांनीं जी घरोघर पोंचविली, तीच ओवी त्यांनीं घेतली. एकनाथमहाराज १५९९ सालीं समाधिस्थ झाले. म्हणजे पैठणचे नाथ आणि सासष्टीचे फादर वीस वर्षें एकाच काळीं या भूमीवर वावरत होते. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास फादरांस संकोच वाटला नाहीं. मराठी भाषेची थोरवी त्यांनीं ग्रंथारंभीं अशा प्रेमानें गायिली आहे कीं तो भाग शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला. मराठीचा गौरव अनेकांनीं केला. परंतु हा गौरव एका इंग्रज माणसाच्या लेखणींतून आला, हें त्याचें वैशिष्ट्य.

आपलें पुराण लोकांच्या स्वतःच्या लिपींत छापलें जावें अशीही त्यांची इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथील आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहून तशी परवानगी मागितली. परंतु या लिपींतील जोडाक्षरांसह इतके खिळे पाडणें त्या काळीं साधलें नाहीं, आणि ग्रंथ रोमी लिपींत निघाला. जी इच्छा त्यांच्या हयातींत अपुरी राहिली ती पुढें कशी पुरी झाली, तें लवकरच सांगतों.

मुलांसाठीं त्यांनीं कोंकणींत प्रश्नोत्तररूप धर्मपाठाचें पुस्तकही तयार केलें. पोर्तुगीज भाषेंतील एका प्रचलित पुस्तकाच्या आधारें गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें तें रचलेलें आहे. तें १६२२ सालीं प्रसिद्ध झालें. कोंकणी भाषेंतील छापलेल्या पुस्तकांत तें सर्वांत जुनें मानितात. त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण फादर दियोगु रिबेरु यांनीं वाढवून १६४० सालीं छापविलें. हिंदुस्थानांतील भाषेचें छापून निघालेलें पहिलें व्याकरण म्हणून त्याची ख्याति आहे. हीं दोन्ही पुस्तकें पाहण्यास मात्र फादर स्टीफन्स उरले नव्हते. १६१९ सालीं, या देशांतील चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनीं देह ठेविला. इंग्लंडास ते पुन्हा कधीं परतले नाहींत.

त्यांच्या मागें त्यांच्या कार्याचें काय झालें? पुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी आवृत्त्या निघाल्या. गोव्याच्या चर्चमधून, विशेषतः उपवासकाळांत, त्यांतील ओव्या गाइल्या जात. परंतु राज्यकर्त्यांची दृष्टि पुन्हा फिरली. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढून लोकांनीं तीन वर्षांत स्वतःची बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्माविलें. ज्या मायबोलीसाठीं फादरांनीं आयुष्य वेचलें, तीच आतां परकी ठरविली गेली. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठें असल्याचें आढळत नाहीं. तरीही ग्रंथ मेला नाहीं. कारण लोकांनीं तो हातानें उतरून घेतला. गोवा सोडून कानडी मुलखांत मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं आपल्या वह्या जपल्या. अशा हस्तलिखितांवरून १९०७ सालीं जोसेफ सालदाना यांनीं मंगळूर येथें रोमी लिपींत आवृत्ति काढिली. पुढें लंडनमधील एका संग्रहांत पुराणाचें देवनागरी हस्तलिखित आढळलें. तें अभ्यासकांच्या नजरेस आणणारे जस्टिन ॲबट हे मराठी संतांचीं चरित्रें इंग्रजींत नेणारे अमेरिकन मिशनरी. अखेर १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली. १६०८ सालच्या पत्रांतील इच्छा सुमारें साडेतीनशें वर्षांनीं सफळ झाली.

मित्रहो, थोरांच्या चरित्रांत त्यांच्या काळाच्या मर्यादाही असतात. फादर स्टीफन्स हे आजच्या अर्थानें सर्व धर्मांस समान मानणारे नव्हते. आपलाच धर्म तारक आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा होती, आणि इतरांच्या पूजापद्धतीवर त्यांच्या ग्रंथांत टीकाही आहे. नवें पुराण दिल्यानें जुनीं पुराणें हिरावण्याचा अन्याय पुसला जात नाहीं. परंतु त्या अन्यायाच्या काळांत, ज्याच्यावर तो अन्याय झाला त्याचा प्रश्न त्यांनीं ऐकला, त्याच्या भाषेपुढें मान लवविली आणि त्याच्याच ओवींत उत्तर दिलें. ज्ञानाचें दार उघडावयाचें तर किल्ली विद्यार्थ्याच्या घरांतच असते, हें त्यांनीं ओळखलें.

आपण त्यांच्याहून भाग्यवान् आहों. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें असें ठरविलें आहे कीं, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणासही त्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास अथवा उपासनेस हजर राहण्याची सक्ति करितां येणार नाहीं. तसेंच ३० व्या कलमानें अल्पसंख्य समाजांस आपल्या शाळा स्थापून चालविण्याचा हक्क दिला आहे. हीं दोन कलमें एकमेकांचीं वैरी नव्हत. शाळा आपल्या श्रद्धेशीं प्रामाणिक राहूं शकते, आणि मूल आपल्या श्रद्धेशीं. कॅथॉलिक चर्चनेंही १९६५ सालीं व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेंत, धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ति होऊं नये, आणि इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर करूं नये, असें जाहीर केलें. फादर स्टीफन्स यांच्या काळीं हें कायद्यानें मिळालें असतें, तर कुंकळ्ळीची भूमि कदाचित् रक्तानें भिजली नसती.

आतां त्या मागच्या बांकावरील मुलाची गोष्ट पुरी करूं. तो ग्रंथालयांत गेला नाहीं, बसून राहिला. दुसऱ्या दिवशीं मीं त्याच्या वडिलांची गांठ घेतली. मुलानें ऐकण्यास आपली हरकत नाहीं, मात्र त्याचेंही कोणी ऐकावें, असें त्या गृहस्थांनीं शांतपणें सांगितलें. तें वाक्य मला उपदेशासारखें लागलें. पुढच्या तासास मीं वर्गांत क्रिस्तपुराणांतील कांहीं ओव्या वाचल्या. अर्ध्या ओव्या झाल्या नाहींत तोंच त्या मुलाचा चेहरा उजळला. ही तर आजी संध्याकाळीं वाचते त्या पोथीची चाल, असें तो म्हणाला. मग त्यानें उभें राहून आजीच्या पाठांतील चार ओव्या खणखणीत म्हणून दाखविल्या, आणि ख्रिस्ती मुलांनीं त्या कान देऊन ऐकल्या. चारशें वर्षांपूर्वीं एका परदेशी गुरूनें जी ओवी शिकून घेतली, तिनें त्या दिवशीं काटोलच्या एका वर्गांतील दोन बांक जवळ आणिले.

परंतु मुलें तेवढ्यावर सोडीत नाहींत. फादरांची गोष्ट सांगून होतांच त्याच मुलानें विचारलें कीं, मग लोकांच्या जुन्या पोथ्या मुळांत काढून कां घेतल्या? या वेळीं माझा शब्द अडखळला नाहीं. ती चूक होती, आणि ती आमच्याच धर्माचें नांव घेणाऱ्या राज्यकर्त्यांच्या हातून झाली, असें मीं सर्व मुलांसमक्ष सांगितलें. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. माझ्या समजुतीप्रमाणें त्या दिवशींचें खरें धर्मशिक्षण तेंच होतें.

पालकहो, आपलें मूल कोणत्याही धर्माचें असो, तें या शाळेंत पाहुणें म्हणून येत नाहीं. तें आपल्या घरची ओवी घेऊन येतें. ती ऐकण्याचें काम आमचें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं जे कोणी उद्यां शिक्षक व्हाल, त्यांनीं एवढें स्मरणांत ठेवावें कीं, मराठीचा हा इंग्रज भक्त आधीं चांगला शिष्य झाला, म्हणूनच चांगला गुरु होऊं शकला. वर्गांतून एखादा प्रश्न आला, तर त्यास थांबवूं नका. त्याचें उत्तर देण्यास कदाचित् सारें आयुष्य लागेल. परंतु तें आयुष्य वायां जाणार नाहीं.